वाचकांचे प्रश्न : शहरालगतचे नवे वीजकेंद्र आणि शेजाऱ्यांचा नकार

प्रश्न : आम्ही नागपूरच्या उत्तर भागात राहतो. कोराडीला ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावाला आमच्या वस्तीतील बहुतेकांचा विरोध आहे. माझे थोरले बंधू वीज खात्यात नोकरी करून निवृत्त झाले आहेत. नवे संच जुन्यांपेक्षा कितीतरी स्वच्छ असतात, ते अडवले की जुनेच धूर ओकत राहतात आणि नुकसान विरोध करणाऱ्यांचेच होते, असे ते म्हणतात. दादांचे म्हणणे मला खोडता येत नाही आणि पटतही नाही. आमचे काही चुकते आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या बंधूंच्या म्हणण्यातील यंत्राविषयीचा भाग बरोबर आहे आणि विरोध करणाऱ्यांनी तो मोकळेपणाने मान्य करावा, असे मला वाटते. सुपरक्रिटिकल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा नव्या संचात वाफेचा दाब २२१ बारच्या वर ठेवलेला असतो. त्या दाबाला पाणी खदखदून उकळण्याची वेगळी अवस्थाच उरत नाही, आणि दाब व तापमान दोन्ही चढे असल्यामुळे २१० मेगावॅटच्या जुन्या संचाच्या तुलनेत तेवढ्याच विजेला साधारण एक दशांश कोळसा कमी लागतो. धूर चिमणीत शिरण्यापूर्वी त्यातील राखेचे कण पकडणारी विद्युत यंत्रणा, जिला केंद्रातील मंडळी ईएसपी म्हणतात, तीही नव्या संचांत इतकी सरस असते की वीज जास्त निर्माण होऊनही चिमणीतून बाहेर पडणारी धूळ पूर्वीपेक्षा कमी होऊ शकते. दर युनिटमागे हिशेब मांडला तर नवा संच जुन्याच्या पुढेच आहे.

परंतु आपल्या घरावरच्या हवेला दर युनिटचा हिशेब लागू होत नाही, तिला एकूण किती कोळसा जळला तेवढेच लागू होते. कोराडीचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला आणि पुढे तेथे सात संच मिळून साधारण ११०० मेगावॅटची क्षमता उभी राहिली. २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन संच सुरू झाले, म्हणजे १९८० मेगावॅट. जुन्या सातांपैकी २१० मेगावॅटचा एक संच राहिला. त्यात आणखी दोन संचांचे १३२० मेगावॅट मिळवले की बेरीज ३५०० च्या पुढे जाते. कोळशाची बचत एक दशांश आणि क्षमतेतील वाढ तिपटीहून अधिक, अशी ही गोष्ट आहे. त्याच परिसरात खापरखेड्याचे १३४० मेगावॅटचे केंद्र चालते, तेही या हिशेबात धरावे लागते, कारण वारा दोन केंद्रांचा धूर वेगवेगळा ठेवत नाही.

राखेचे पाहा. ६६० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला तर दिवसाला साडेनऊ ते दहा हजार टन कोळसा खातो. आपल्याकडच्या कोळशात पस्तीस टक्क्यांच्या आसपास राख असते, म्हणजे एका संचामागे रोज तीन हजार टनांहून अधिक राख कोठे तरी न्यावी लागते. ईएसपी कितीही चांगली असली तरी ती राख नाहीशी करत नाही, फक्त चिमणीऐवजी बंधाऱ्याकडे वळवते. सिमेंटवाल्यांनी, विटा करणाऱ्यांनी आणि रस्त्याच्या भरावाने उचलली तेवढी गेली, उरलेली पाण्यात कालवून नळाने राखेच्या तलावात सोडली जाते. १६ जुलै २०२२ रोजी मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला, करडा चिखल शेतांत आणि वस्त्यांत शिरला आणि नदीवाटे नागपूरला पाणी पुरवणाऱ्या कन्हानपर्यंत गेला. ज्यांच्या वावरात तो चिखल बसला त्यांच्यापुढे कार्यक्षमतेचे आकडे ठेवले तर ते ऐकून घेतील कसे? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि येथे तर पुन्हा दूधच पुढे केले जात आहे.

गंधकाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. सल्फर डायऑक्साइड हा वायू असल्यामुळे ईएसपीच्या हाती लागत नाही. त्यासाठी एफजीडी नावाची स्वतंत्र यंत्रणा बसवावी लागते, तिला जागा लागते, बहुतेक ठिकाणी चुनखडी लागते आणि पैसाही बराच लागतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये वीजकेंद्रांसाठी गंधकाच्या मर्यादा प्रथमच ठरवल्या आणि त्या पाळण्यासाठी दोन वर्षे दिली. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवण्यात आली. कागदावर असलेली यंत्रणा आणि प्रत्यक्ष चालू असलेली यंत्रणा यांतील हे अंतर लोकांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे, म्हणून 'नव्या संचाला एफजीडी असेल' या वाक्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. हा अविश्वास अज्ञानातून आलेला नाही, अनुभवातून आलेला आहे.

राहिला दादांचा शेवटचा मुद्दा, की नवे अडवले तर जुने चालू राहतात. कोराडीपुरते बोलायचे तर जुन्या सातांपैकी सहा संच आधीच थांबले आहेत आणि उरलेल्या एकाचे जागतिक बँकेच्या कर्जातून नूतनीकरण करून आयुष्य वाढवण्यात आले. तेव्हा आता विचारायचे ते हे, की दोन नव्या संचांच्या बदल्यात कोणत्या गावातला कोणता संच कोणत्या तारखेला बंद होणार आणि ती तारीख मंजुरीच्या अटींत लिहिली आहे की केवळ भाषणात सांगितली आहे. अट लिहिलेली असेल आणि एकूण बेरीज खाली येत असेल तर मी आपल्या बंधूंच्या बाजूने उभा राहीन. ती नसेल तर आपल्या वस्तीचा नकार मला पूर्णपणे रास्त वाटतो. 'वीज पुण्या-मुंबईला आणि राख आम्हाला' असे विदर्भात बोलले जाते, त्यातला सल खोटा नाही.

प्रश्न : नागपूरकडे ६६० मेगावॅटच्या संचाला विरोध होतो आणि आमच्या एकलहऱ्यात तोच संच द्यावा म्हणून वर्षानुवर्षे निवेदने आणि आंदोलने चालू आहेत. हे कोडे कसे उलगडायचे?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : वरच्या उत्तरातील बेरीज एकलहऱ्याला लावली की कोडे बरेचसे सुटते. तेथे १४० मेगावॅटचे दोन संच पूर्वीच बंद झाले, आणि १९७९ ते १९८१ या काळात सुरू झालेले २१० मेगावॅटचे तीन संच उरले, म्हणजे ६३० मेगावॅट. त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा एक संच आला तर क्षमता जवळपास तेवढीच राहते आणि कोळसा व धूळ दोन्ही कमी होतात. शिवाय जुने केंद्र थकत गेले आणि नवे आलेच नाही तर वसाहत ओस पडेल, कंत्राटी कामगारांची रोजीरोटी जाईल आणि त्यांच्यावर चालणारी दुकाने, खाणावळी, रिक्षा बसतील, ही भीती तेथे खरी आहे. माझी विनंती एवढीच, की कामाच्या मागणीच्या भरात राखेची आणि गंधकाची अट मागे पडू देऊ नये. संच मिळाल्यावर ती मागायला गेलात तर ऐकणारे कोणी नसेल.

प्रश्न : आम्ही बरीच वर्षे कॅनडात मिसिसॉगा येथे राहतो. येथे आणि शेजारच्या ओकव्हिलमध्ये होऊ घातलेली नैसर्गिक वायूवरची वीजकेंद्रे लोकांच्या विरोधामुळे रद्द झाली. आमच्या मराठी मंडळींत अजूनही दोन तट आहेत. काही म्हणतात लोकांनी जिंकले, काही म्हणतात लोकांनी करदात्यांचे पैसे बुडवले. आपले मत काय?
— एक वाचक, मिसिसॉगा

उत्तर : या विषयावर इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो.

ओंटारिओ प्रांताने कोळशावरची वीज पूर्णपणे बंद करण्याचे ठरवले होते. २००३ मध्ये तेथील सुमारे पाव वीज कोळशावर होत असे. आपल्याच शहराच्या तलावकाठचे लेकव्ह्यू केंद्र २००५ मध्ये बंद झाले आणि एप्रिल २०१४ मध्ये थंडर बे येथील शेवटचा कोळसा संच थांबला. ही तूट भरून काढण्याच्या साधनांपैकी एक म्हणून वायूवरची केंद्रे हवी होती. वायू जाळल्यावर राख होत नाही, गंधक जवळजवळ नसते आणि दर युनिटमागे कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या साधारण निम्मा पडतो. टोरोंटोच्या पश्चिमेकडील भागात विजेची मागणी वाढत होती, म्हणून नियोजनकारांना केंद्र तेथेच हवे होते. ओकव्हिलला ९०० मेगावॅटचे केंद्र फोर्ड कारखान्याच्या शेजारच्या जागेवर ठरले आणि मिसिसॉगाच्या पूर्व कडेला २८० मेगावॅटचे.

ओकव्हिलच्या नागरिकांनी 'सिटिझन्स फॉर क्लीन एअर' या नावाने संघटना बांधली. त्यांचा मुद्दा दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. ओकव्हिल आणि त्याला लागून असलेला मिसिसॉगाचा क्लार्कसन भाग यांच्यावरची हवा सूक्ष्म कणांनी आधीच भारलेली असल्याचे प्रांताच्या पर्यावरण खात्याने त्यापूर्वीच नोंदवले होते, आणि तेथे घरे व शाळा जवळ असताना नवी चिमणी उभी करायची होती. वायूच्या केंद्रातून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात आणि त्यांपासून पुढे सूक्ष्म कण तयार होतात. केंद्र कोळशापेक्षा स्वच्छ आहे हे खरे असले, तरी त्या जागी पूर्वी कोळशाचे केंद्र नव्हते, त्यामुळे शेजाऱ्यांच्या दृष्टीने तो निव्वळ वाढीव भार होता. कोराडीच्या लोकांचा हिशेब आणि ओकव्हिलच्या लोकांचा हिशेब इथे एकच आहे.

चूक झाली ती क्रमात. करार झाल्यानंतर, म्हणजे ऑक्टोबर २०१० मध्ये, ओकव्हिलचे केंद्र रद्द झाले. मिसिसॉगाचे तर बांधकाम चालू असताना, प्रांताच्या निवडणुकीला दोन आठवडे उरले असताना, सप्टेंबर २०११ मध्ये रद्द झाले. कंपन्यांना भरपाई द्यावी लागली आणि केंद्रे दूर नेल्यामुळे वायूची वाहिनी व विजेचे वहन यांचा खर्च वाढला. प्रांताच्या महालेखापालांनी २०१३ मध्ये मिसिसॉगाचा बोजा सुमारे २७.५ कोटी डॉलर आणि ओकव्हिलचा सुमारे ६७.५ कोटी डॉलर असा काढला. पुढे या प्रकरणातील संगणकीय नोंदी पुसल्याबद्दल प्रांताच्या माजी प्रीमियरच्या, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारख्या प्रमुखाच्या, कार्यालयातील प्रमुख अधिकाऱ्याला न्यायालयाने शिक्षाही दिली.

वीज मात्र लागतच होती. एक केंद्र सार्नियाच्या बाजूला गेले आणि दुसरे नॅपनीला, लेनॉक्स या जुन्या वीजकेंद्राच्या शेजारी. तेथे आधीच वीजकेंद्राची वसाहत होती आणि स्थानिक लोक नव्या केंद्राला तयार होते. ती जागा रद्द करतेवेळी योग्य होती तर करार करतेवेळीही योग्यच होती. तेव्हा विचारले गेले नाही, इतकेच. म्हणून आपल्या दोन्ही तटांना माझे सांगणे असे, की पैसे लोकांच्या विरोधामुळे बुडाले नाहीत, लोकांना उशिरा विचारल्यामुळे बुडाले. आणि 'लोकांनी जिंकले' म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की निवडणुकीच्या तोंडावर मिळालेला विजय हवेच्या मोजमापावर मिळालेला नव्हता; जागेचा प्रश्न विचारण्याची रीत त्यातून प्रांतात रुजली असती तर तो खरा विजय ठरला असता.

प्रश्न : मोठ्या शहरांजवळ वीजकेंद्र बांधूच नये, ते दूर न्यावे, हा साधा उपाय का केला जात नाही?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कारण 'दूर' नावाच्या जागीही कोणाचे तरी घर आणि शेत असते. आपल्या जिल्ह्याच्या शेजारचेच डहाणू पाहा. मुंबईच्या उपनगरांना वीज देण्यासाठी बीएसईएस कंपनीचे २५० मेगावॅटचे दोन कोळसा संच डहाणूच्या खाडीकाठी १९९५ मध्ये सुरू झाले. चिकूच्या बागा, मासेमारी आणि वारली वस्तीचा तो तालुका. तेथील बागायतदारांनी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी केंद्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. केंद्र काही थांबले नाही. परंतु त्यांनी लढा सोडला नाही. २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर १९९६ च्या निकालानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते.

या प्राधिकरणाने १९९९ मध्ये वीजकेंद्राला एफजीडी बसवण्याचा आदेश दिला. कंपनीने टाळाटाळ केली, मालकी बदलली, बँक हमीपर्यंत प्रकरण गेले, आणि अखेर २००७ मध्ये ती यंत्रणा सुरू झाली. देशात गंधकाची मर्यादा ठरण्यापूर्वी आठ वर्षे डहाणूचा धूर समुद्राच्या पाण्याने धुतला जात होता. मला या उदाहरणाचे फार मोल वाटते. विरोध करणाऱ्यांना केंद्र थांबवता आले नाही, पण त्यांनी ते स्वच्छ करून घेतले, आणि ते शक्य झाले याचे कारण असे की तालुक्याच्या पातळीवर कायद्याचे बळ असलेले एक ठिकाण त्यांच्याजवळ होते, जेथे तक्रार घेऊन जाता येई, सुनावणी होई आणि आदेश निघे.

केंद्र दूर नेण्याचा आणखी एक परिणाम अलीकडे झाला आहे. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील बहुसंख्य कोळसा केंद्रांना गंधकाच्या मर्यादेतून सूट दिली. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापासून किंवा दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना २०२७ अखेरपर्यंत ती मर्यादा पाळावीच लागेल, आणि अतिप्रदूषित भागांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेका केंद्रागणिक होईल. म्हणजे शहराच्या कडेला असलेले केंद्र धूर धुणार आणि तेच केंद्र चाळीस किलोमीटर आत नेले तर बहुधा धुणार नाही. आपल्या साध्या उपायाची किंमत त्या चाळीस किलोमीटरवरच्या गावाने का द्यावी, याचे उत्तर माझ्याजवळ नाही आणि ते कोणाजवळ असेल असे मला वाटत नाही.

प्रश्न : आमच्या भागात वीज प्रकल्पाची जनसुनावणी होणार असे ऐकतो. मागे एका सुनावणीला मी गेलो होतो. घोषणा आणि गोंधळ यांपलीकडे काही झाले नाही. अशा सुनावणीला जाऊन उपयोग होतो का आणि करायचे काय?
— एक वाचक, कामठी

उत्तर : उपयोग होतो, पण तो सभामंडपात कमी आणि कागदावर अधिक होतो. पर्यावरण मंजुरीची पद्धत २००६ च्या अधिसूचनेने ठरवून दिली आहे. सुनावणी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून खालचा नसलेला अधिकारी तिच्या अध्यक्षस्थानी असतो, आणि किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते. अहवालाचा मसुदा आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयासारख्या ठिकाणी पाहायला ठेवलेला असतो. या सुनावणीला गणसंख्येची अट नसते, म्हणजे बहिष्कार घातला तरी सुनावणी झाली असे धरले जाऊ शकते. म्हणून बहिष्कारापेक्षा हजर राहून लेखी हरकत देणे मला नेहमी अधिक शहाणपणाचे वाटते. २०२३ च्या मे महिन्यात कोराडीला झालेल्या सुनावणीत समर्थक आणि विरोधक दोघेही मोठ्या संख्येने आले होते. अशा गर्दीत बोललेले शब्द विरून जातात, पण पोच घेतलेला अर्ज राहतो.

अहवाल हाती आला की आधी हवेचे प्रकरण उघडावे. त्यात नव्या संचामुळे प्रदूषकांची पातळी किती वाढेल याचा तक्ता असतो. ती वाढ सध्याच्या पातळीत मिळवून दाखवली आहे का, आणि सध्याची पातळी मोजली तेव्हा शेजारची केंद्रे पूर्ण भाराने चालू होती का, हे विचारावे. मोजणी कोणत्या महिन्यांत केली तेही पाहावे, कारण हिवाळ्यातील साचलेली हवा आणि पावसाळ्यातील धुतलेली हवा यांत फार फरक असतो. नंतर राखेचे प्रकरण घ्यावे. सध्याच्या राख तलावात किती जागा शिल्लक आहे, राख उचलण्याचे करार कोणाशी आणि किती वर्षांचे आहेत, बंधाऱ्याची तपासणी पावसाळ्यापूर्वी कोण करणार, हे एकेक करून लेखी मागावे. आणि बंद होणाऱ्या जुन्या संचाचे नाव व तारीख मागावी.

सभेत बोलायची संधी मिळाली तर एकाने एकच मुद्दा मांडावा आणि पुढच्याने पुढचा, असे गावाने आधी बसून ठरवून घ्यावे. सुनावणीचे चित्रीकरण होते. शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत जमलेल्या लोकांना वाचून दाखवावा लागतो, आणि बहुतेक लोक तोवर उठून गेलेले असतात. आपण उठू नये. आपला मुद्दा गोषवाऱ्यात आला नसेल तर तेथेच, अध्यक्ष सही करण्यापूर्वी, तो घालून घ्यावा; प्रकल्पवाल्याला अंतिम अहवालात त्याचे उत्तर द्यावे लागते आणि उद्या न्यायालयात जायची वेळ आली तर वकील पहिल्यांदा तोच कागद मागतो.